समासाची सफाई

माणूस म्हणून मी वाईट नाही, फक्त मला डावी कड सरळ लागते. हे वाक्य माझं नाही, बायकोचं आहे. नव्या ओळखीच्या माणसांना ती ते चहा येण्याआधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नकोत. दोरीवरचे टॉवेल, कपाटातली पुस्तकं, दाराबाहेरच्या चपला, सगळ्यांच्या डाव्या कडा एका रेषेत आल्या की मला पोटात गार वाटतं. एकदा एका लांबच्या नातेवाइकांकडे गेलो असताना मी त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरी सरळ केल्या. त्या त्यांनी मुद्दाम तिरप्या लावल्या होत्या, तशी फॅशन होती म्हणे. त्यानंतर ते नातेवाईक आणखी लांबचे झाले.

आता असा माणूस पोटासाठी काय करतो, तर प्रोग्राम लिहितो. आमची कंपनी वाचनालयांसाठी प्रोग्राम बनवते. कुणी कोणतं पुस्तक नेलं, कधी आणणार, नाही आणलं तर काय करायचं, हा सगळा संसार त्या प्रोग्रामात आहे. गावोगावची वाचनालयं तो वापरतात आणि आम्हाला शिव्या देतात. प्रोग्राम म्हणजे शेवटी काय, ओळीखाली ओळ. एका अटीच्या पोटात दुसरी अट असली की तिची ओळ थोडी आत सरकवायची, म्हणजे वाचणाऱ्याला कोण कुणाच्या पोटात आहे ते कळतं. या आत सरकवण्याला आमच्याकडे समास म्हणतात. मशीनला त्याच्याशी काडीचं देणंघेणं नसतं. सगळ्या ओळी भिंतीला चिकटवून लिहिल्यात तरी ते मुकाट्यानं चालतं. समास असतो माणसांसाठी, आणि माणसं आली की मतं आली.

आमच्या प्रोग्रामात मतं फार होती. कुणी दोन स्पेस सोडलेल्या, कुणी चार, कुणी टॅब मारून मोकळा झालेला. महिरपी कंस कुणी ओळीच्या शेवटी उघडलेला, तर कुणी पुढच्या ओळीवर एकटाच उभा केलेला, वर्गाबाहेर काढल्यासारखा. पण या सगळ्यावर कडी म्हणजे आत्यांचा समास. आत्या तीन स्पेस सोडत. दोन नाही, चार नाही, तीन! तीन स्पेस सोडणारं दुसरं माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आणि प्रोग्रामाचा निम्म्याहून जास्त भाग आत्यांच्या नावावर.

आत्या म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामर. त्या नेमक्या कुणाच्या आत्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबही त्यांना आत्याच म्हणत. त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं. बाहेर एक लहानशी बाग, बागेत एक झाड, झाडाखाली एक बाक. आत्यांच्या टेबलावर एक पुस्तक कायम उपडं ठेवलेलं असे आणि त्यांचा फोन सारखा वाजत असे. पुस्तक हातात घेतलं की वाजलाच. मग त्या हळू आवाजात कुणाला तरी समजावत, "हो, बंद करा आणि परत चालू करा... हो, वाट बघते." मला वाटायचं, बाईंचा गोतावळा मोठा दिसतोय. आणि सगळे एकाच प्रकारचे दिसतायत.

माझं टेबल बाथरूमच्या दाराशी. याबद्दल मी फार बोलणार नाही, पण थोडं बोलतो. त्या दारातून आत जाणारा माणूस घाईत असतो म्हणून माझ्याकडे बघत नाही. बाहेर येणारा मात्र निवांत असतो, आणि ओले हात झटकत "काय, कसं काय?" असं विचारतो. ते थेंब माझ्या कीबोर्डवर पडतात. अशी बरीच वर्षं मी "बरं आहे" म्हणत काढली. माझी या जगाकडून एकच मागणी होती, ती म्हणजे ती खिडकी.

आत्यांची निवृत्ती जवळ आली तेव्हा साहेबांनी सगळ्यांना आपल्या केबिनमध्ये बोलावलं. साहेब पूर्वी फर्निचरच्या धंद्यात होते, त्यामुळे त्यांना प्रोग्राममधलं काही कळत नाही, पण जागेचं महत्त्व कळतं.

"खिडकीच्या जागेवर झेरॉक्सचं मशीन ठेवायचा माझा विचार आहे," ते म्हणाले. "मशीन गरम होतं, त्याला हवा लागते."

"साहेब, माणसांनाही हवा लागते," मी म्हणालो.

"माणसं हवा आपापली शोधतात. तरी पण मी अन्याय करणार नाही. आत्या जायच्या आधी जो कुणी तो प्रोग्राम नीटनेटका करून ठेवेल, रेकॉर्डमध्ये ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त काम दिसेल, त्याला खिडकी. नाहीतर मशीन."

म्हणजे माझी स्पर्धा एका झेरॉक्स मशीनशी होती. माझ्या एका चुलतभावाची निवडणुकीत डॉक्टरांशी स्पर्धा झाली होती, दुसऱ्याची लग्नाच्या बाबतीत वैमानिकाशी. हरले दोघेही, पण घराण्याचा एक दर्जा राहिला होता.

ज्या एडिटरमध्ये आम्ही प्रोग्राम लिहितो, त्याला आपण आपल्या छोट्या स्क्रिप्ट शिकवू शकतो. म्हणजे अमुक कळ दाबली की तमुक कर. मी ठरवलं, हातानं एकेक ओळ सरळ करत बसायचं नाही. एक स्क्रिप्ट लिहायची, ती एका कळीला बांधायची, कळ दाबायची आणि खिडकीत जाऊन बसायचं. समास चार स्पेसचा, कंस ओळीच्या शेवटी, रिकाम्या ओळी रद्द, आणि फार लांब ओळ असेल तर ती मोडून दोन करायच्या. आत्यांना विचारणं सभ्यपणाचं होतं, म्हणून घाबरत घाबरत विचारलं. निम्मी हयात तीन स्पेस सोडण्यात गेलेल्या बाईला तिचा समास मोडू का, असं विचारणं सोपं नसतं.

आत्यांनी पुस्तक उपडं ठेवलं आणि माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की मला भरून आलं.

"अरे, खुशाल कर," त्या म्हणाल्या. "विचारायचं काय त्यात? आणि सगळ्या फाइली घे हो. एकही सोडू नकोस."

केवढं मोठं मन, असं मला वाटलं.

पहिला प्रयोग घरी केला. स्क्रिप्टला मी सांगितलं होतं की फाइल सेव्ह केली की तू चाल, आणि काम झालं की फाइल सेव्ह कर. हे वाक्य ज्यांना सरळ वाटलं त्यांनी प्रोग्रामिंगच्या वाटेला जाऊ नये. सेव्ह केलं, स्क्रिप्ट चालली, तिनं सेव्ह केलं, म्हणून ती परत चालली, तिनं परत सेव्ह केलं. लॅपटॉपचा पंखा आधी कुजबुजला, मग घोंघावला, मग मिक्सरसारखा आवाज काढू लागला. त्या आवाजानं खालच्या मजल्यावरचे बॉयलरकाका वर आले. काका सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि इमारतीतला कुठलाही आवाज हा आपल्या अधिकारातला मानतात. त्यांनी लांबूनच हात धरून लॅपटॉपची धग पाहिली.

"दाब वाढलाय. थांबवायचं बटण कुठंय?"

"थांबवायचं नाही केलं, काका. चालू करायचंच केलंय."

"मग पळा," काका शांतपणे म्हणाले आणि खरोखरच जिन्यापर्यंत गेले. मी वायर उपसली, तरी तो चालूच, कारण बॅटरी. शेवटी बॅटरी उतरेपर्यंत मी, बायको आणि परत आलेले काका, असे तिघं त्याच्याभोवती बसून राहिलो. काकांनी तेवढ्यात तीन बॉयलरांची हकीकत सांगितली. त्यातला एकही धड राहिला नव्हता.

बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिला सगळा प्रकार समजावून सांगितला तर ती म्हणाली, "म्हणजे प्रोग्राम आत्ता चालतोय?"

"चालतोय."

"तुझं झाल्यावर जास्त चांगला चालेल?"

"नाही, तसाच चालेल. पण दिसेल चांगला."

"अरे, मी दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचते! किडामुंगी शाईत बुडून कागदावर चालल्यासारखं असतं ते. त्यावर माणसं बरी होतात. आणि तुला तीन स्पेस खुपतात?"

मी तिला म्हणालो की तुला ते कळणार नाही. हे वाक्य लग्न झालेल्या माणसानं वापरू नये. पुढचा आठवडाभर माझ्या डब्याचं झाकण जाणूनबुजून तिरपं लावलेलं असायचं.

स्क्रिप्ट दुरुस्त झाल्यावर उरली परवानगी. आमच्याकडे कुठल्याही बदलाला बदल-मंजुरी समितीची संमती लागते. समितीचे अध्यक्ष साहेब, सचिव साहेब, आणि सदस्य अकाउंटच्या बाई. अध्यक्षांनी विचारलं, "या बदलामुळे प्रोग्राम काय वेगळं करील?" मी अभिमानानं म्हणालो, "काहीच नाही!" त्यावर सचिवांनी, म्हणजे त्याच खुर्चीतून जरा पुढं वाकून, सांगितलं की जो बदल काहीच करत नाही त्याला मंजुरी देता येत नाही. मग मंजुरीशिवाय करू का, असं विचारलं तर मंजुरीशिवाय काहीही करता येत नाही. काहीच न करण्याचीही मंजुरी लागते. अकाउंटच्या बाईंना माझी दया आली. त्या म्हणाल्या, "डोळ्यांना आराम पडेल असं लिहा. मागं खुर्च्यांच्या उशा आपण तशाच मंजूर केल्या होत्या." अशा रीतीनं माझी स्क्रिप्ट खुर्च्यांच्या उशा या सदराखाली मंजूर झाली.

एके दिवशी दुपारी, जेवणानंतर, मी ती कळ दाबली. ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. फाइलीमागून फाइल उघडत होती, ओळी सरसर सरकत होत्या, एकाकी उभे असलेले कंस पळत जाऊन आपापल्या ओळीच्या शेवटी बसत होते. तीनच्या चार होत होत्या. बाथरूममधून बाहेर आलेला प्रत्येक माणूस हात झटकायचं विसरून माझ्या मागं उभा राहिला. सगळं संपलं तेव्हा संपूर्ण प्रोग्रामाची डावी कड एखाद्या नव्या कपाटासारखी सरळ उभी होती. मला गहिवरून आलं. मी ते सगळं रेकॉर्डमध्ये जमा केलं आणि मागं वळून पाहिलं, तर आत्या खिडकीपाशी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून आत्यांचा फोन बंद पडला. म्हणजे बिघडला नव्हता, वाजायचा थांबला होता. मी मनात म्हटलं, बाई निवृत्त होणार हे गोतावळ्याला कळलेलं दिसतंय. त्याच दिवसापासून माझा फोन वाजू लागला. तेव्हा मला या दोन गोष्टींचा संबंध दिसला नाही. मी समास बघण्यात इतका गुंग होतो, की फोन उचलतही नव्हतो.

निरोपसमारंभ छान झाला. साहेबांनी भाषणात आत्यांना "आपल्या संस्थेचं सागवानी लाकूड" म्हटलं. मग आत्यांनी पर्समधून एक पेन काढलं आणि सगळ्यांच्या देखत मला दिलं. निरोप घेणाऱ्यानं मागं राहणाऱ्याला भेट द्यावी हे कुणी पाहिलेलं नव्हतं. मी हात जोडले. त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलंय. अशी सफाई केल्यावर ना, एक छोटी सोय असते..." तेवढ्यात केक आला आणि साहेबांनी सगळ्यांना फोटोसाठी रांगेत उभं केलं. रांग वाकडी होती. मी ती सरळ करायला गेलो आणि आत्यांचं वाक्य तिथंच राहिलं.

खिडकी मला मिळाली. रेकॉर्डमध्ये सगळ्यात जास्त काम माझ्या नावावर दिसत होतं, इतकं जास्त की साहेबांनी दोनदा चष्मा पुसला. झेरॉक्सचं मशीन बाथरूमच्या दाराशी गेलं. मी नव्या जागेवर बसलो, बागेकडे पाहिलं, एक खोल श्वास घेतला, आणि फोन वाजला.

"रिसेप्शनवरून बोलतेय. एका वाचनालयाचा फोन आहे, जोडून देऊ?"

"मला कशाला?"

"तुमचंच नाव येतंय."

वाचनालयाचे ग्रंथपाल चिडलेले होते. एक सभासद हातगाडी घेऊन आला होता आणि एक अख्खं कपाट उचलून घेऊन गेला, प्रोग्रामनं त्याला हूं की चूं केलं नाही. मी शोध घेतला. एका वेळी ठरावीकच पुस्तकं द्यावीत, ही अट प्रोग्रामात होती. तिच्या वरच्या ओळीवर आत्यांनी एक टीप लिहिली होती, "खालची ओळ काढू नये." टिपेच्या ओळीत जे काही असतं ते मशीन वाचत नाही, ती माणसांसाठी असते. माझ्या स्क्रिप्टनं मोकळी जागा वाचवण्याच्या भरात खालची अट उचलून टिपेच्या ओळीला जोडून टाकली होती. अट काढली नव्हती. अट तिथंच होती, टिपेच्या शेजारी, मशीनच्या लेखी मुकी. मी ग्रंथपालांना सभासदाचं वर्णन विचारलं. "म्हातारे गृहस्थ आहेत. सगळी बॉयलरवरची पुस्तकं नेली," ते म्हणाले. मी ताबडतोब विषय बदलला.

ते निस्तरतोय तोवर दुसरं. सभासदांना जाणारा एक संदेश होता, "पुस्तक मुदतीत परत केल्यास दंड भरावा लागणार नाही." ओळ लांब होती. लांब ओळ मोडायची, हा माझाच नियम. तो अवतरणचिन्हांच्या आत लागू करू नये एवढं सांगायचं मात्र मी विसरलो होतो. ओळीचे दोन तुकडे झाले, पहिला वाटेत गळाला आणि सगळ्या गावांतल्या सगळ्या सभासदांना एका सकाळी एवढंच कळवण्यात आलं, की दंड भरावा लागणार नाही. आमच्या जिन्यात त्या दिवशी फार आनंदी वातावरण होतं. बॉयलरकाकांनी मला थांबवून सांगितलं, "तुमच्या प्रोग्रामला नावं ठेवतात लोक, पण माणुसकी आहे हो त्याच्यात."

हे दोन गुन्हे माझे होते, ते मला कबूल आहेत. पण त्यानंतर जे फोन येऊ लागले, त्यांच्याशी माझा काय संबंध? एका वाचनालयात मृत लेखकांची नावं याद्यांत दोनदा येत होती. एकीकडे लीप वर्षातल्या जादा दिवशी नेलेली पुस्तकं प्रोग्रामाच्या मते कधीच परत यायची नव्हती. एका ग्रंथपालांनी तर आपण गेली कित्येक वर्षं ज्या चुकीबद्दल तक्रार करतोय तिचा इतिहास मला ऐकवला आणि शेवटी म्हणाले, "पूर्वी एक बाई असायच्या, त्या फार गोड बोलायच्या. तुम्हाला काय झालंय?"

मी रिसेप्शनवर गेलो. "बाई, हे सगळे फोन मलाच का?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. पद्धत अशी होती. प्रोग्राम चुकला की त्या चुकीला एक क्रमांक असे, वाचनालयानं तो कळवला की रिसेप्शनच्या बाई तो मशीनमध्ये घालत. मशीन प्रोग्राममधली दोषी ओळ शोधून काढी आणि त्या ओळीला शेवटचा हात कुणी लावला त्याचं नाव सांगे. फोन त्याला जोडायचा. ज्या आज्ञेनं हे नाव कळतं, तिचं नावच मुळी "ब्लेम", म्हणजे ठपका, असं आहे. शोधणाऱ्यानं ते विचार करून ठेवलं असणार. आणि मी तर एका कळीसरशी प्रोग्राममधल्या प्रत्येक ओळीला हात लावला होता! डावीकडं एक स्पेस वाढवली एवढंच, पण मशीनला कारण कळत नाही, हात कळतो. कंपनीच्या जन्मापासूनच्या सगळ्या चुका, सगळे अर्धवट विचार, कुणी तापात लिहिलेलं, कुणी नोकरी सोडायच्या दिवशी लिहिलेलं, सगळं माझ्या नावावर झालं होतं. मी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत माझं नाव वाचलं. डावी कड मात्र एकदम सरळ होती.

समितीनं माझी चौकशी केली. अध्यक्ष म्हणाले, "उशांच्या सदरात एवढं नुकसान प्रथमच होतंय." मी म्हणालो, मग सगळं पूर्ववत करतो. सचिव म्हणाले, पूर्ववत करणं हाही बदल आहे, त्यानं काय वेगळं होईल ते लिहून द्या. मी उठून आलो.

खिडकीतून बाहेर पाहिलं तर झाडाखालच्या बाकावर आत्या बसल्या होत्या, पुस्तक वाचत. मी फोन टेबलावर ठेवला आणि तरातरा खाली गेलो. मला खरंच राग आला होता.

"आत्या, तुम्हाला माहीत होतं!"

"बस," त्या म्हणाल्या. पानात बोट घालून त्यांनी पुस्तक मिटलं. "मीही हेच केलं होतं. माझ्या आधी त्या खिडकीत अण्णा होते. अण्णांचा समास चारचा, त्यांच्या आधीच्यांचा दोनचा. मी नवी होते, मला वाटलं तीन करू, म्हणजे कुणाचंच मन मोडायचं नाही. अण्णा म्हणाले, अगं, खुशाल कर. जाताना मला पेन देऊन गेले. तेच तुला दिलं."

मी खिशातलं पेन काढून पाहिलं.

"पण तुम्ही तर निवृत्तच होणार होता. मग माझ्या गळ्यात कशाला?"

"निवृत्तालाही फोन करतात ते. मानद सल्लागार म्हणून, नियमच आहे. अण्णांच्या आधीच्यांना मुलीच्या लग्नात फोन लावला होता. नवरदेव ताटकळतोय आणि हे कोपऱ्यात उभं राहून कुणाची तरी यादी छापून देतायत." मग त्या थोडं थांबल्या. "अरे, इतकी वर्षं वाचनालयांचं काम केलं मी. एक पुस्तक सलग वाचून झालं नाही. जरा कुठं गोष्ट रंगात आली की फोन. मला फक्त एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं होतं. तू विचारायला आलास तेव्हा मला तुझा इतका आनंद झाला, की पुढचं सांगवेना. निरोपाच्या दिवशी मन खाऊ लागलं, तर केक आला."

रागावण्यासाठी मी जी वाक्यं जमवून आणली होती, ती एकही उपयोगी पडली नाही. त्यांच्या मांडीवरचं पुस्तक चांगलं जाडजूड होतं. बोट जेमतेम चौथ्या-पाचव्या पानात होतं.

"सोय कसली, ते तरी सांगा," मी म्हणालो.

"सांगते की. एवढं संपू दे," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक उघडलं.

मी वर आलो. फोन टेबलावर थरथरत थरथरत कडेपर्यंत पोचला होता.

त्यानंतर काही दिवसांनी दुसऱ्या शाखेतून एक गृहस्थ बदलून आमच्याकडे आले. झेरॉक्स मशीनच्या पलीकडे, बाथरूमच्या दाराशी त्यांना जागा मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर एक स्टीलची पट्टी ठेवली, पट्टीला समांतर पेन्सिल, आणि पेन्सिलीला समांतर चष्म्याची डबी. दोन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी येऊन अदबीनं उभे राहिले.

"एक विचारायचं होतं. राग मानू नका. हा चारचा समास जरा ऐसपैस वाटतो हो. दोनचा केला तर? एक छोटी स्क्रिप्ट लिहितो, सगळ्या फाइलींवर चालवतो."

मला देव दिसायचा तेवढा बाकी राहिला. मी त्यांच्याकडे अतिशय मायेनं पाहिलं.

"अहो, खुशाल करा," मी म्हणालो. "विचारायचं काय त्यात? एकही फाइल सोडू नका." आणि माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

"बरं," पट्टीवाले म्हणाले. "आधी ती सोय तेवढी करून घेतो. नाहीतर सगळ्या ओळी माझ्याच नावावर लागायच्या!"

"कसली सोय?"

"ती हो, नेहमीची. ही नुसती सफाई आहे, नावं बघताना ही धरू नका, असं रेकॉर्डला सांगून ठेवायचं. एका ओळीचं काम. त्याशिवाय कोणता शहाणा माणूस सगळ्या फाइलींना हात लावेल?" ते हसले. मीही हसलो. माझं हसू बाथरूमकडे घाईत निघालेल्या माणसासारखं झालं असणार. "तुमच्या सफाईलाही लावून टाकू का? तुमचं राहिलेलं दिसतंय. लगेच जुनी नावं परत येतील. ज्याची त्याला."

ज्याची त्याला! माझ्या डोळ्यांसमोर शांत दुपारी तरळू लागल्या. फोन नाही, ग्रंथपाल नाहीत, लीप वर्ष नाही. मग हेही दिसलं, की जुनी नावं आली की माझ्या नावावर उरणार नगण्य काम, आणि ही जागा साहेब त्या मशीनला देणार. मग मी बाहेर पाहिलं.

आत्या बाकावर होत्या. पुस्तक तेच, जाडजूड. पण आता डावीकडचा गठ्ठा मोठा झाला होता आणि उजवीकडं अगदी थोडी पानं राहिली होती. त्या इतक्या पुढं वाकून वाचत होत्या, की झाडाचं पान खांद्यावर पडलं तरी त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी पुस्तक तिरपं धरलं होतं, त्याची डावी कड वाकडी दिसत होती, आणि कधी नव्हे ते ती सरळ करावी असं मला मुळीच वाटलं नाही.

माझा फोन वाजू लागला.

"करू ना?" पट्टीवाल्यांनी विचारलं. "दोन मिनिटांत तो तुमचा फोन बंद होईल. आधी ज्या बाईंचं नाव होतं, त्यांना जाईल."

"राहू द्या," मी म्हणालो.

"पण या ओळी तुम्ही लिहिलेल्या नाहीत!"

"सरळ तर मी केल्या ना?"

खाली आत्यांनी पान उलटलं. मी फोन उचलला आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, "हो, बोला. चूक माझीच आहे."